वीस अमिनो ॲसिडच्या पलीकडची प्रोटीनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (नागपुरी उत्तरांसकट)

मी नागपुरात बायोटेकच्या ट्यूशन घेते, त्याआधी काही वर्षं लॅबमध्ये घासली आहेत. "मॅडम तुम्ही नेमकं काय करत होता?" हा प्रश्न पोरांनी विचारला, शेजारच्या काकांनी विचारला, एकदा तर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर अनोळखी माणसानेही विचारला. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाचं लिहून टाकते. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, क्रम लावत बसले नाही.

एका दमात सांगा, हे आहे काय?

आपल्या अंगातलं, झाडातलं, बॅक्टेरियातलं जवळपास प्रत्येक प्रोटीन २० ठरलेल्या अमिनो ॲसिडांची माळ असते. त्या विसात नसलेलं एखादं अमिनो ॲसिड, म्हणजे केमिस्टने बनवलेलं किंवा दुसऱ्याच कुठल्या जीवात सापडलेलं, माळेत आपल्याला हव्या त्याच जागी ओवायचं, आणि त्यातून प्रोटीनला आधी न येणारं काम करायला लावायचं. औषधांत हे बरंच चालतं, पण माझा जीव विजेच्या आणि मटेरिअलच्या बाजूला जास्त अडकलेला आहे, म्हणून इथे तेच.

विसात भागत नाही का बाप्पा? निसर्गाचं तर भागलं.

निसर्गाचंही पूर्ण भागलेलं नाही. सेलेनोसिस्टीन हे २१वं, ते तुमच्या-माझ्या पेशीतसुद्धा आहे. २२वं पायरोलायसिन, ते २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या लोकांना मिथेनोसार्सिना नावाच्या जीवात सापडलं, आणि हा जीव कोण तर मिथेन बनवणारा, गोबरगॅसवाल्यांच्या गोतावळ्यातला. म्हणजे गॅस बनवायला या पठ्ठ्याला वीस कमी पडले म्हणून त्याने एक वाढवून घेतलं. आज जगभरच्या लॅबमध्ये नवीन अमिनो ॲसिड घुसवायला जी यंत्रणा सगळ्यात जास्त वापरतात त्यातली एक याच जीवाकडून उचललेली आहे, हे मला अजूनही भारी वाटतं.

शिवाय त्या विसात काय काय नाही ते बघा. फ्लोरीन नाही. ॲझाइड नाही. धातूला दोन्ही हातांनी पकडून ठेवेल असं बायपिरिडीन नाही. उजेड पडला की इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करेल असं बेंझोफेनोन नाही. पेशीला जगायला हे लागत नाही, पण इलेक्ट्रोडला चिकटायचं, ऊन झेलायचं, कार्बन डायऑक्साइड फोडायचा, तर नेमकं हेच लागतं.

या विसाबाहेरच्यांना 'अनैसर्गिक' म्हणतात, म्हणजे विषारी केमिकल ना?

नाही. यातली बरीचशी आपल्या टायरोसिन, फिनाइलॲलॅनिनचीच सख्खी भावंडं असतात, एका टोकाला दोन-चार अणू जास्तीचे. काही विषारी असतीलही, पण ते तर नैसर्गिक गोष्टींचंही आहे, धोतऱ्याचं बी खाऊन बघा.

पेशीला कसं पटवतात? ती तर नवीन अमिनो ॲसिड ओळखणारच नाही.

बरोबर, ओळखत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. जुनी छापील मराठी पुस्तकं पाहिली असतील तर त्यात 'ब्यांक', 'म्याच' असं लिहिलेलं दिसतं, कारण तो इंग्रजी स्वर लिहायला आपल्या बाराखडीत चिन्ह नव्हतं. मग डोक्यावर चंद्र आला आणि 'बँक', 'मॅच' झालं. नुसतं कागदावर चिन्ह काढून हे होत नाही, ते छापणारा खिळा लागतो आणि वाचणाऱ्याला उच्चार माहीत लागतो. पेशीचंही तसंच आहे.

जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची, त्याला कोडॉन म्हणतात. एकूण ६४. त्यातले ६१ अमिनो ॲसिडसाठी आणि ३ पूर्णविराम, म्हणजे 'इथे माळ संपली' असं सांगणारे: यूएजी, यूएए आणि यूजीए. ई. कोलाय बॅक्टेरियात यूएजी सगळ्यात कमी वापरला जातो, म्हणून लोकांनी विचार केला की या पूर्णविरामालाच नवीन अक्षर करून टाकू. त्यासाठी दोन गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात. एक टी-आरएनए, म्हणजे अमिनो ॲसिड माळेपर्यंत वाहून आणणारा रेणू, जो यूएजी वाचेल, आणि एक सिंथेटेज एन्झाइम, जे फक्त आपलंच नवीन अमिनो ॲसिड त्या टी-आरएनएवर चढवेल. ही जोडी अशी हवी की तिने बॅक्टेरियाच्या बाकी कारभारात नाक खुपसायचं नाही आणि बाकीच्यांनी हिच्यात. म्हणून ती लांबच्या कुळातून आणतात. २००१ मध्ये पीटर शुल्ट्झच्या गटाने मिथेनोकोकस जानाशी या जीवाची जोडी ई. कोलायमध्ये टाकून ओ-मिथाइल-टायरोसिन घुसवून दाखवलं आणि तिथून हा धंदा खरा सुरू झाला. आजपर्यंत दोनशेच्या वर वेगवेगळी अमिनो ॲसिडं घुसवून झालीत.

ते खरंच घुसलं का हे कळतं कसं, असंही विचारतात. हिरवं चमकणारं जीएफपी प्रोटीन घ्यायचं, त्याच्या मधोमध यूएजी टाकायचा. अमिनो ॲसिड दिलं तर माळ पूर्ण होते आणि बॅक्टेरिया चमकतात, नाही दिलं तर माळ अर्ध्यात तुटते आणि अंधार. दोन्ही ट्यूबा चमकल्या तर समजायचं की सिंथेटेज लबाडी करून राहिलं, कुठलंतरी घरचंच अमिनो ॲसिड चढवतंय. नक्की खात्री मग मास स्पेक्ट्रोमीटरवर वजन करून.

कोडॉनवालं नोबेल मिळालेले खोराना आपल्या रायपूरचे ना?

रायपूरचे, पण छत्तीसगडच्या नाही हो! हरगोविंद खोरानांचं रायपूर पंजाबात, मुलतानकडे, आता पाकिस्तानात आहे. नोबेल १९६८ चं, निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत. इथून ट्रेनने जाता येतं त्या रायपूरचा काही संबंध नाही, दरवर्षी बॅचमधला एकजण तरी हे लिहून मार्क घालवतो.

पूर्णविराम काढून घेतला तर बाकीची वाक्यं नाही का बिघडणार?

बिघडतात. ई. कोलायच्या ज्या खऱ्या जनुकांच्या शेवटी यूएजी आहे तिथेही नवीन अमिनो ॲसिड जाऊन बसतं आणि नको तितकी लांब माळ होते. उलट बाजूने, यूएजी पाहिला की माळ तोडणारं आरएफ-१ नावाचं प्रोटीन आपल्या कामाच्या जनुकातही टपकतं आणि अर्धवट तुकडे निघतात. एका जागी घुसवायचं असेल तर हे चालवून घेता येतं, पण मटेरिअलसाठी एकाच माळेत दहा-वीस-तीस जागी हवं असतं आणि तिथे हातात जवळपास काहीच उरत नाही.

यावर हार्वर्डचे जॉर्ज चर्च आणि येलचे फॅरन आयझॅक्स यांच्या लोकांनी २०१३ मध्ये जे केलं त्याला चिकाटीच म्हणावं लागेल. बॅक्टेरियाच्या अख्ख्या जीनोममधले, म्हणजे त्याच्या पूर्ण डीएनएतले, सगळेच्या सगळे ३२१ यूएजी शोधून त्यांचे यूएए केले आणि मग आरएफ-१ उडवून टाकलं. आता यूएजी मोकळा, त्याला काहीही अर्थ द्या. असल्या बॅक्टेरियातच पुढे २०१५ मध्ये इलॅस्टिनसारख्या ताणणाऱ्या प्रोटीनच्या एका माळेत ३० जागी नवीन अमिनो ॲसिड बसवून दाखवलं. आणि २०१९ मध्ये केंब्रिजच्या जेसन चिन यांच्या गटाने तर सुमारे ४० लाख अक्षरांचा पूर्ण जीनोमच कारखान्यात लिहून काढला, त्यात १८,२१४ कोडॉन बदलून ६४ चे ६१ केले. बॅक्टेरिया जरा सुस्त झाला पण जगला.

नेमक्या जागीच कशाला, सगळीकडे नाही टाकता येत का?

येतं, आणि ते सोपंही आहे. स्वतः मिथिओनिन बनवू न शकणारा बॅक्टेरिया घ्यायचा, त्याला मिथिओनिन न देता उपाशी ठेवायचा आणि तसंच दिसणारं दुसरं काहीतरी द्यायचं. भुकेपोटी तो तेच वापरतो. कॅलटेकचे डेव्हिड टिरेल यांचं यात मोठं काम आहे, त्यांनी आणि कॅरोलिन बर्टोझी यांनी २००२ मध्ये याच पद्धतीने ॲझाइडवालं अमिनो ॲसिड प्रोटीनमध्ये बसवलं. ॲझाइड म्हणजे टिचबटणाचा एक भाग समजा, दुसरा भाग अल्काइन. थोडं तांबं घालून दोन्ही जवळ आणले की टिच्च, आणि पेशीतल्या बाकी कशालाच ते चिकटत नाहीत. यालाच क्लिक केमिस्ट्री म्हणतात. २०२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल याचंच, शार्पलेस, मेल्डाल आणि बर्टोझी.

पण सगळीकडे बदल म्हणजे अख्ख्या मोहल्ल्यातल्या घरांना एकच रंग. माझं स्पष्ट मत आहे की खरी ताकद नवीन अमिनो ॲसिडात नाही, ते कुठे बसवलं त्यात आहे. आणि ही गोष्ट विजेत सगळ्यात जास्त पटते, म्हणून पुढचा प्रश्न.

एनर्जीत याचा काय उपयोग? प्रोटीनपासून वीज कशी निघणार?

वीज प्रोटीनपासून निघत नाही, प्रोटीन इलेक्ट्रॉनची ने-आण करतं. बायोफ्युएल सेल नावाचा प्रकार असतो, त्यात एका इलेक्ट्रोडवरचं एन्झाइम साखरेसारख्या इंधनातून इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि दुसऱ्यावरचं एन्झाइम, बरेचदा पोटात तांबं असलेलं लॅकेज, ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन पाणी बनवतं. प्लॅटिनमसारखा महागडा धातू लागत नाही, खोलीच्या तापमानाला चालतं. ऐकायला झकास.

अडचण अशी की इलेक्ट्रॉन प्रोटीनमधून उडी मारत जातो आणि त्याची उडी साधारण १.४ नॅनोमीटरपर्यंतच कामाची, त्यापुढे वेग इतका पडतो की उपयोग शून्य. आणि एन्झाइम स्वतः त्याहून कितीतरी जाड. आता असं समजा की तुम्ही एन्झाइम इलेक्ट्रोडवर नुसतं ओतलं. ते कसंही बसतं. काहींचं तांब्याचं केंद्र इलेक्ट्रोडकडे, काहींचं आभाळाकडे. कूलर खिडकीत उलटा बसवल्यासारखं, मोटर फिरतेय, पाणी पडतंय, खस ओली आहे, आणि गार हवा गल्लीत चालली. मे महिन्यात नागपुरात हे कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

आता एन्झाइमच्या पृष्ठभागावर, धातूच्या केंद्राच्या अगदी जवळ, एकच ॲझाइडवालं अमिनो ॲसिड बसवा. इलेक्ट्रोडवर अल्काइन लावा. टिच्च. सगळे कूलर एकाच तोंडाने बसले. लॅकेजवर हे २०१५ मध्ये करून दाखवलंय आणि इलेक्ट्रॉन मधल्या कुठल्याही रसायनाच्या मदतीशिवाय थेट गेले. नेहमीच्या विसातलं लायसिन वापरून हे का होत नाही? कारण लायसिन प्रोटीनवर दहा-वीस जागी असतं, कुठलं चिकटेल सांगता येत नाही.

दुसरा रस्ता उजेडाचा. बीजिंगच्या वांग जियांगयुन यांच्या गटाने २०१८ मध्ये एक साधं चमकणारं प्रोटीन घेतलं, त्याच्या पोटातल्या चमकणाऱ्या गाभ्यातच बेंझोफेनोनवालं अमिनो ॲसिड बसवलं, बाजूला निकेलचं एक संयुग जोडलं, आणि उजेड पाडल्यावर त्याने कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड केला. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे घरात विष, पण कारखान्यात हायड्रोजनबरोबर इंधन बनवायचा कच्चा माल. झाडाचं प्रकाशसंश्लेषण प्रोटीनांच्या भल्यामोठ्या पलटणीचं काम आहे, इथे त्यातला एक तुकडा एकट्या छोट्या प्रोटीनने केला. कार्यक्षमता २.६ टक्के, म्हणजे कामी आलेले फोटॉन शंभरात तीनही नाहीत, आणि इलेक्ट्रॉन पुरवणारं रसायन वरून ओतावं लागतं. तरीही हे झालं ही छोटी गोष्ट नाही.

तिसरं, अमेरिकेतल्या इलिनॉयच्या यी लू यांच्या आणि वांग यांच्या गटांनी मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन साठवणारं साधं प्रोटीन, त्यात टायरोसिनला इमिडॅझोल जोडलेलं अमिनो ॲसिड आणि तांबं बसवून त्याला ऑक्सिजनचं पाणी करायला शिकवलं. आपल्या पेशीत श्वासाच्या शेवटी जे प्रचंड एन्झाइम हे काम करतं त्यातही टायरोसिन आणि हिस्टिडीन असेच एकमेकांना जोडलेले आहेत, त्याची ही नक्कल.

मग कोराडीचं कोळशावरचं वीज केंद्र बंद होणार का?

ना बाप्पा. या सगळ्यातून निघणारी वीज मायक्रोवॅट-मिलिवॅटच्या घरातली, सेन्सर चालेल, घामाने किंवा रक्तातल्या साखरेने चालणारं छोटं यंत्र चालेल. कोराडीची राख आणि एप्रिलमधली लाइट जाणं यावर उत्तर दुसरीकडे शोधा.

मटेरिअलमध्ये काय? रेशमाचं काहीतरी सांगत होता.

हा माझा आवडता. भंडारा-गडचिरोलीचा कोसा आपल्याला माहीत आहे, ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढणारी अळी, ढीवर समाजाची माणसं राखण करतात. रेशीम म्हणजे शुद्ध प्रोटीन. तुतीच्या रेशमात ग्लायसिन, ॲलॅनिन, सेरिन परत परत, कोसा रेशमात ॲलॅनिनच्या लांब ओळी जास्त. हा धागा मजबूत आहे पण त्यावर काही रासायनिकरीत्या पक्कं जोडायचं, म्हणजे औषध किंवा सेन्सर, तर पकडायला जागा कमी.

जपानमध्ये त्सुकुबाच्या नारो या शेती संशोधन संस्थेत तेरामोतो आणि मंडळींनी तुतीच्या रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीत एक बदललेलं सिंथेटेज घातलं आणि अळीला ॲझाइडवालं अमिनो ॲसिड खाण्यातून दिलं. अळीने जो कोश विणला त्याच्या धाग्यातच टिचबटणं! मग त्या धाग्याला, कापडाला, विरघळवून बनवलेल्या फिल्मला हवं ते लावा. इथे ॲझाइड एका नेमक्या जागी नाही, फिनाइलॲलॅनिनच्या जागांवर थोडं थोडं बसतं, पण कापडाला तेवढं पुरतं. बॅक्टेरियाच्या टाकीत रेशमासारखं लांब आणि एकच पाठ परत परत असलेलं प्रोटीन बनवणं भयंकर कटकटीचं आहे, तिथे अळी मुकाट्याने ते करते. कोसा रेशमाच्या किड्यावर कुणी हे करावं असं मला फार वाटतं, पण तो किडा जंगलातल्या झाडावर उघड्यावर वाढतो, त्याला ट्रेमध्ये मोजून-मापून खायला घालता येत नाही, त्यामुळे ते सोपं नाही हेही माहीत आहे.

आणि तो पाण्यात चिकटणारा गोंद?

समुद्रातले शिंपले खडकाला लाटांतसुद्धा घट्ट धरून बसतात, ते डोपा नावाच्या अमिनो ॲसिडमुळे. शिंपल्यात आधी टायरोसिन बसतं आणि नंतर एन्झाइम त्याचं डोपा करतं. बॅक्टेरियात हे 'नंतर' नीट होत नाही. मग कोरियातल्या पोस्टेकच्या गटाने २०१४ मध्ये वर सांगितलेली उपाशी ठेवायची युक्ती वापरून टायरोसिनच्या जागी सरळ डोपाच घुसवलं आणि ओल्यात चिकटणं सुधारलं. जखमेला टाक्याऐवजी, दातांच्या कामात, अशा जागी याची वाट बघतायत.

आपल्या उन्हात टिकणारं प्रोटीन बनेल का?

यावर फ्लोरीनचं उत्तर आहे, टेफ्लॉनवालंच. टिरेल यांच्या गटाने २००१ मध्ये ल्यूसिनच्या जागी ट्रायफ्लोरोल्यूसिन टाकलं तर एकमेकांत पिळलेल्या प्रोटीनचा पीळ सुटायचं तापमान १३ अंशांनी वाढलं. पण फ्लोरीन टाकला की प्रत्येक प्रोटीन टिकाऊच होतं असं नाही, कधी एन्झाइमचं काम बसतं. परत तेच, जागा.

आपल्या विदर्भात कापूस आहे, त्यात टाकता येईल?

कापूस म्हणजे सेल्युलोज, साखरेची माळ, प्रोटीन नाही. विषय संपला.

हे कॉलेजच्या लॅबमध्ये जमेल का? खर्च किती?

जमतं. प्लाझ्मिड, म्हणजे बाहेरची जनुकं बॅक्टेरियात नेणाऱ्या डीएनएच्या कड्या, मागवता येतात, बॅक्टेरिया साधेच, शेकर-इनक्युबेटर असला की झालं. मारते ती त्या अमिनो ॲसिडची किंमत, मिलिग्रॅमचा हिशोब करताना जीव घाबरा होतो, आणि मटेरिअल म्हटलं की किलोंची भाषा. म्हणूनच बॅक्टेरियाने नवीन अमिनो ॲसिड स्वतःच बनवावं असाही प्रयत्न आहे, २००३ मध्ये पॅरा-अमिनोफिनाइलॲलॅनिन ई. कोलायने साध्या साखरेपासून बनवून वापरून दाखवलं.

माझी स्वतःची फजिती सांगते, तुमची वाचेल. तीन आठवडे घालवून ॲझाइडवालं प्रोटीन काढलं, मास बरोबर आलं, आणि टिचबटण काही लागेना. रोज नवीन तांब्याचं द्रावण, रोज तेच. शेवटी सिनिअर ताईने बफरची बाटली उचलून वाचली आणि हसली, मी सवयीने त्यात डीटीटी टाकत होते, आणि डीटीटी ॲझाइडला मारून अमाइन करून टाकतं. म्हणजे बटण मी स्वतःच रोज तोडून ठेवत होते. हो, आणि ट्यूबला फॉइल गुंडाळा, उजेडानेही ते जातं.

असला बॅक्टेरिया गटारात सुटला तर?

रास्त भीती आहे. पण गंमत म्हणजे याच तंत्राने कुलूपही बनतं. २०१५ मध्ये चर्च आणि आयझॅक्स यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून असे बॅक्टेरिया बनवले ज्यांची जगायला लागणारी प्रोटीनंच नवीन अमिनो ॲसिडवर अवलंबून आहेत. ते अमिनो ॲसिड नाग नदीत मिळत नाही, बाटलीतूनच द्यावं लागतं, नाही दिलं की मेले. नियम तरीही लागतातच, जीएम जीवांचे जे आहेत ते सगळे, कॉलेजच्या बायोसेफ्टी कमिटीची सही घेतल्याशिवाय प्लेटसुद्धा पसरायची नाही.

भारतात कुणी करतं का? आणि नागपुरातून तिथे जायचं कसं?

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत कोलॅजनसारख्या प्रोटीनमध्ये वेगळी अमिनो ॲसिडं बसवायचं काम झालंय. चामडं म्हणजे कोलॅजनच, तेव्हा नवल नाही. नागपुरातून पोरांना मी एवढंच सांगते की केमिस्ट्री सोडू नका. बायोवाली पोरं ऑरगॅनिकला घाबरतात, केमिस्ट्रीवाली प्लाझ्मिडला, आणि हा विषय बरोबर मधल्या भिंतीवर बसलेला आहे. इथे विद्यापीठाचं राजीव गांधी बायोटेक्नॉलॉजी सेंटर आहे, एलआयटी आहे, व्हीएनआयटी आहे, नीरी आहे, पाया पक्का करायला गाव सोडावं लागत नाही. पुढे पीएचडीला सोडावं लागेल, ते वेगळं.

शेवटचा, यूएजीला 'अंबर' का म्हणतात? रंगाचा काय संबंध?

काहीच नाही. कॅलटेकमध्ये बर्नस्टाइन नावाचा विद्यार्थी होता, मित्रांनी त्याला कबूल केलं होतं की हवे ते म्युटंट सापडले तर नाव तुझ्या घरचं देऊ. जर्मनमध्ये बर्नस्टाइन म्हणजे अंबर. मग उरलेल्या दोन पूर्णविरामांनाही रंगाला रंग जुळवून ओकर आणि ओपल अशी नावं ठेवून दिली.